पाठीमागून येणारा सूर

गोव्यातल्या कुठल्याही जुन्या चर्चमध्ये गेलात, तर आत शिरल्यावर एकदा मागे वळून वर बघा. मुख्य दरवाजाच्या बरोबर डोक्यावर एक माडी असते. तिला तिथं ‘कोर’ म्हणतात. गाणारे आणि वाजवणारे त्या माडीवर उभे राहतात. खाली सगळी बाकं वेदीकडे तोंड करून मांडलेली, आणि संगीत येतं ते पाठीमागून, वरून. मिस्सा चालू असताना मान वळवून वर बघणं बरं दिसत नाही. त्यामुळे तासभर ज्यांचं ऐकायचं, त्यांचं तोंड कोणाला दिसत नाही. आपल्याकडे कीर्तनकार समोर उभा असतो, भजनी मंडळ मंडपाच्या मधोमध बसतं, पखवाजवाला घामाघूम झालेला सगळ्या गावाला दिसतो. चर्चमधला वाजवणारा पूर्वीपासून असा आडोशाला.

मागच्या लेखात पेडण्याच्या दशावताराबद्दल लिहिलं होतं. त्यावर आपल्या मंडळातल्या एका वाचक काकूंनी विचारलं, “पेडणे-डिचोलीबद्दल लिहिताना तुम्ही देवळाच्या बाहेर पडतच नाही. तिथं चर्चही आहेत ना?” आहेत. पेडण्यात सेंट जोसेफचं आहे, डिचोलीत अवर लेडी ऑफ ग्रेसचं आहे, हरमलला माउंट कार्मेलचं आहे. तेव्हा या वेळी त्या माडीवरच्या माणसाबद्दल.

त्याला म्हणायचे मेस्त्र. मूळ पोर्तुगीज शब्द ‘मेस्त्रे’, म्हणजे गुरुजी. आपण सुताराला, गवंड्याला ‘मेस्त्री’ म्हणतो, तो शब्द त्याच घरातला. गंमत म्हणजे ‘पगार’ हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगिजांकडूनच आला. मेस्त्राच्या वाट्याला पहिला शब्द पुरेपूर आला, दुसरा बेताचाच.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या भागात चर्चना जोडून शाळा काढल्या. पोरांना लिहायला-वाचायला शिकवायचं, धर्माचे पाठ शिकवायचे आणि गायला शिकवायचं. गाणं हा त्या शाळेत फावल्या वेळातला विषय नव्हता, कारण मिस्सेला गाणारी माणसं हवीच होती. पुढं सरकारी शाळा आल्या, लिहिणं-वाचणं तिकडं गेलं, आणि चर्चच्या शाळेत उरलं ते मुख्यतः संगीत. मेस्त्र पोरांना आधी ‘सोल्फेज’ घोकायला लावायचा. म्हणजे पाच रेघांवरचे स्वर बघून हातानं ताल धरत ‘दो, रे, मी, फा’ म्हणायचं. ते पक्कं होईपर्यंत रेबेकला, म्हणजे व्हायोलिनला, हात लावायचा नाही. चुकलं की छडी. आज हे वाचून आपल्यातले आई-बाबा दचकतील, पण त्या शिस्तीतून गावोगावची शेतकऱ्यांची, तारवटींची, स्वयंपाक्यांची पोरं कागदावरचं संगीत वाचायला शिकली. त्या काळात आपल्याकडच्या मोठमोठ्या घरंदाज गवयांनाही लिहिलेलं गाणं वाचण्याची गरज पडत नव्हती. ते तोंडी घ्यायचे आणि तोंडी द्यायचे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी थोर आहेत, पण या फरकाचा पुढं फार मोठा परिणाम झाला. त्याकडे येतोच.

‘दो रे मी’ची गोष्टही इथं सांगण्यासारखी आहे. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाचा एक साधू चर्चमधल्या गाणाऱ्यांना शिकवायचा. एकेक भजन पाठ करून घेण्यात पोरांची वर्षं जात, म्हणून त्यानं रेघांवर स्वर मांडण्याची रीत पक्की केली. सेंट जॉनच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. त्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन त्यानं स्वरांना नावं दिली. पहिल्याचं नाव तेव्हा ‘ऊत’ होतं, त्याचं ‘दो’ नंतर झालं. म्हणजे जगभर आज ज्या लिपीत ऑर्केस्ट्रा वाजतो, ती रुळवणारा माणूस हाही एक मेस्त्रच. वैतागलेल्या मास्तरानं काम सोपं व्हावं म्हणून केलेली युक्ती! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातली निम्मी चांगली साधनं अशीच जन्माला आली आहेत.

आता मेस्त्राचं काम म्हणजे नेमकं काय? रविवारी वाजवायचं एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात चर्चचं पंचांग आपल्या पंचांगाइतकंच गुंतागुंतीचं असतं. नाताळच्या आधीचे चार आठवडे वेगळी गाणी. नाताळला मध्यरात्रीची मिस्सा. नोव्हेंबरच्या 24 तारखेपासून सेंट फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना आणि 3 डिसेंबरला फेस्त. गावच्या चर्चच्या फेस्ताआधी पुन्हा नऊ दिवसांची नोव्हेना. मग उपासाचे चाळीस दिवस. तेव्हा आनंदाची काही गाणी म्हणायचीच नाहीत, सूर उतरलेले. त्या दिवसांत ख्रिस्ताच्या दुःखभोगावरची ‘मोतेत’ गायची, तीन-चार आवाजांत, सोबत व्हायोलिनं. यातली कितीतरी मोतेत गोव्यातल्याच मेस्त्रांनी बांधलेली आहेत. मग येतो पवित्र आठवडा. गुरुवारच्या मिस्सेत एका ठरावीक स्तोत्रानंतर चर्चमधल्या घंटा आणि ऑर्गन दोन्ही गप्प होतात, ते शनिवारी रात्री पुनरुत्थानाच्या मिस्सेतच पुन्हा बोलायचे. मधल्या वेळात घंटेऐवजी लाकडी खटखटं वाजवतात. दोन दिवसांच्या शांततेनंतर सगळ्या घंटा एकदम वाजतात आणि ऑर्गन सुरू होतो, तो क्षण एकदा तरी प्रत्यक्ष ऐकावा. त्या क्षणासाठी माडीवरची माणसं आठवडेच्या आठवडे संध्याकाळी घासत असतात.

याशिवाय लग्नं. याशिवाय मर्णं, आणि ती काही विचारून येत नाहीत. याशिवाय मे महिन्यात वाड्यावाड्यावरच्या खुरसांपुढची लादीन. लादीन म्हणजे मारियेची लितनी. रस्त्याकडेच्या खुरसाला चुना काढायचा, फुलं-मेणबत्त्या लावायच्या, आणि शेजारपाजार जमला की मेस्त्रानं व्हायोलिन गळ्याशी लावायचं. लॅटिन शब्द कोणालाही धड कळत नसतात, पण दुसरा आवाज कुठं धरायचा आणि तिसरा कुठं उतरवायचा, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं असतं. संपलं की उकडलेले चणे आणि मोठ्यांना फेणीचा घोट. मेस्त्राला चणे दोन मुठी जास्त. बहुतेक वेळा मानधन म्हणतात ते एवढंच.

लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये 1723 ते 1750 एक गृहस्थ असंच काम करत होते. पोरांना शिकवायचं, रविवारसाठी नवं काही लिहून द्यायचं, अंत्ययात्रा सांभाळायच्या आणि पैसे कमी पडतात म्हणून कुरकुर करायची. त्यांचं नाव योहान सेबास्टियन बाख. त्यांच्याही कितीतरी रचना त्यांच्या मागं हरवल्या. काम तेच, फक्त साष्टी-बार्देशातल्या बाखांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत.

एक नाव मात्र अवघ्या भारताला ठाऊक आहे, आणि ते एका मेस्त्राच्या घरातलंच आहे. साष्टीतल्या माजोर्ड्याच्या माय द देऊस चर्चचे मेस्त्र होते जुझे आंतोनियो गोन्साल्विस. गावातल्या पोरांना शिकवता शिकवता त्यांनी आपल्या मुलालाही शिकवलं. मुलाचा जन्म 1927 चा. 1943 मध्ये, म्हणजे ज्या वयात आपली मुलं दहावीच्या क्लासला जातात त्या वयात, तो मुंबईला जाऊन नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. हे अँथनी गोन्साल्विस. पुढं त्यांच्याकडं व्हायोलिन शिकलेल्यांत प्यारेलाल होते, आर. डी. बर्मनही त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ 1977 चा. त्यातल्या गाण्यात नायकाचं आडनाव आधी दुसरं होतं, प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते गोन्साल्विस करून घेतलं, असं सांगतात. अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ बघून आपण सगळे हसलो. त्या नावाचा एक खराखुरा, मितभाषी, चर्चमध्ये वाढलेला माणूस आहे, हे कित्येकांच्या गावीही नव्हतं.

त्यांच्या मुंबईतल्या कामाबद्दल थोडं लिहायला हवं. हिंदी चित्रपटांच्या संगीतकारांना चाली सुचत. पण पन्नास-साठ वाजवणारे एकत्र बसले की कोणी कधी काय वाजवायचं, हे कागदावर लिहूनच द्यावं लागतं आणि ते वाचणारे हात लागतात. तसे हात मुंबईत आयते मिळाले ते गोव्याच्या माडीवरून आलेले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागची व्हायोलिनांची ती उसळणारी लाट सेबास्टियन डिसोझा यांनी मांडलेली, ते बार्देशातले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड आणि हळदोण्याचे चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवाले. आईबापांनी ठेवलेलं चिक चॉकलेट यांचं नाव आंतोनियो झेवियर वाझ. ही मंडळी उतरायची धोबीतलाव परिसरातल्या गावोगावच्या ‘कुडां’त, जेर महालात. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली. ज्याची त्याची पेटी भिंतीशी, रात्री चटई पसरायची, आणि संध्याकाळी गावच्या संताच्या वेदीपुढं सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, हा नियम. दिवसभर स्टुडिओत कॅबरे वाजवून आलेला माणूसही रोझरीला हजर.

अँथनी गोन्साल्विस तेवढ्यावर थांबले नाहीत. रागावर आधारलेलं संगीत वाद्यवृंदासाठी लिहायचं त्यांच्या मनात होतं. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम झाला, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. सारंग रागात व्हायोलिनसाठी त्यांनी कन्चेर्तो लिहिला. 1965 मध्ये ते अमेरिकेला सिराक्यूज विद्यापीठात गेले. नंतर परत आले ते माजोर्ड्यालाच, आणि गावात शांतपणे राहिले. 18 जानेवारी 2012 ला गेले. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आहे. आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी ज्यांना रस असेल त्यांनी तो मिळवून जरूर पाहावा.

माझ्या डोक्यात मात्र मुलापेक्षा बाप जास्त घोळत राहतो. जुझे आंतोनियो माजोर्ड्यातच राहिले. त्यांच्या हाताखालून किती पोरं गेली असतील? त्यातल्या एकानं नाव काढलं. बाकीची जहाजावर बँडमध्ये लागली असतील, कोणी पोलिस बँडमध्ये, कोणी शेतीच करत राहिली असतील आणि रविवारी दुसरा आवाज धरत असतील. देवळांच्या बाजूलाही हेच दिसतं. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर, दीनानाथ मंगेशकर ही माणसं गोव्यातून बाहेर पडली आणि गावांची नावंही आपल्याबरोबर जगभर घेऊन गेली. जी देवळाच्या सेवेतच राहिली, पालखीपुढं वाजवत राहिली, त्यांची नावं त्यांच्या नातवंडांनाही सांगता येत नाहीत. देवळाकडच्या कलावंत घराण्यांना तर मानापेक्षा अपमानच जास्त गिळावा लागला, तो वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आता काकूंच्या मूळ प्रश्नाकडे, पेडणे-डिचोलीकडे. इथली गोष्ट साष्टीपेक्षा निराळी आहे. हा भाग पोर्तुगिजांकडे गेला तो फार उशिरा, 1781 ते 1788 या काळात. तोवर धर्मांतराची लाट ओसरली होती. म्हणून इथं देवळं जागच्या जागी राहिली आणि चर्च आली ती थोडी आणि उशिरा. साष्टीसारखी गावोगाव संगीतशाळा, पिढीजात मेस्त्रांची घराणी असा पसारा इथं नव्हता. आजूबाजूला आवाज होता तो भजनी सप्ताहाचा, दशावताराच्या पेटीचा, चवथीला घुमट-शामेळावर चालणाऱ्या आरत्यांचा. अशा ठिकाणी चर्चमध्ये वाजवणारा माणूस अगदी एकटा असतो. नोटेशन वाचणारा गावात तोच, व्हायोलिनची तार तुटली तर म्हापसा किंवा पणजी गाठायची, आणि शिकवायला पोरं म्हणावीत तर चार. पण त्याच कारणानं त्याच्या कानावर दोन्ही पडतं. घुमट तर दोघांचंच आहे. आपल्या आरतीत ते वाजतं, त्यांच्या मांड्यातही वाजतं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत, वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. 2019 मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

मराठी वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं, मराठी ओवीत. ख्रिस्ताची कथा ज्ञानेश्वरीच्या वळणाच्या ओव्यांत चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढं म्हटली जायची. म्हणजे गोव्यातल्या चर्चमध्ये आपल्या ओवीचा सूर घुमला होता. पुढं 1684 मध्ये व्हाइसरॉयनं लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला. चर्चमध्ये गाण्याची मुख्य भाषा लॅटिन राहिली ती थेट 1960 च्या दशकापर्यंत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेत उपासना करायला मोकळीक दिली, आणि फादर वास्को द रेगो यांच्यासारख्या माणसांनी कोंकणी गाणी तयार करायला घेतली. जुन्या मेस्त्रांची यात मोठी पंचाईत झाली. आयुष्यभर लॅटिन मिस्सा घोकलेली, चार आवाजांची वजनं तोललेली, आणि एका वर्षात सगळ्या वह्या कपाटात. काहींनी नवी गाणी बसवून घेतली, काहींनी मनातून कधीच स्वीकारली नाहीत.

आमच्या पेडण्याकडच्या वाड्यावर असे एक अंकल होते. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सरकारी खात्यात कारकुनी, सायकल, शर्टाच्या खिशात दोन पेनं. शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये तालीम आणि रविवारी सकाळी मिस्सा, हा नेम त्यांनी चाळीस वर्षांवर पाळला. वर चर्चचा हिशोब लिहायचा, फेस्ताचा मंडप घालताना शिडी धरायची, कोणी आजारी असेल त्याच्या घरी डबा पोचवायचा, हेही तेच. मर्ण कळलं की ऑफिसात अर्धी रजा टाकून यायचे. बाबा त्यांना कधी चेष्टेनं म्हणायचे, “तुझी सगळी रजा लोकांच्या मर्णात गेली.” ते म्हणायचे, “माझ्या मर्णाला लोक येतील ना, वसूल होईल.” आमच्याकडं सप्ताहाला ते हटकून यायचे, मंडपाच्या कडेला उभे राहून ऐकायचे. पेटीवाल्यानं एखादी वेगळी जागा घेतली की खिशातलं पेन काढून सिगारेटच्या पाकिटावर पाच रेघा मारून लिहून घ्यायचे. आम्हा पोरांना तो जादूचा प्रकार वाटायचा. गाणं लिहिता येतं, आणि तेही अक्षरं न लिहिता!

त्यांनी आठ-दहा पोरांना शिकवलं. आज त्यातला एक गल्फमध्ये आहे, दोघं इंग्लंडात. 1961 पूर्वीच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो, त्यामुळे स्विंडनसारख्या गावात गोवेकरांची अख्खी वस्ती झाली आहे आणि तिथं कोंकणी मिस्सा होते. कोरसाठी तयार झालेली पोरं तिकडं गातात. इकडं माडीवर कीबोर्ड आला, त्यात ताल आधीच भरलेला असतो. मला कीबोर्डचं वावडं नाही. चार माणसं कमी असतील तर तो वेळ निभावतो. पण त्याला आवाज वाटून देता येत नाहीत. “तू खालचा धर, घाबरू नको, मी बाजूला आहे” हे माणसानंच सांगावं लागतं. डिसेंबरात पेडण्याला गेलो होतो तेव्हा शनिवारच्या तालमीला सहा मुली आणि एक मुलगा होता. शिकवणारी कॉलेजातली मुलगी, गाणी मोबाइलवरून. सूर नेमके होते, आवाज मात्र एकच, सगळ्या वरचाच धरत होत्या. दुसरा आवाज शिकवणारं कोणी उरलं नव्हतं.

अंकल गेले त्याला काही वर्षं झाली. मोपाचा विमानतळ आल्यापासून आमच्याकडं जमिनींना भाव आला आहे, त्यांचंही घर विकायचं ठरलं. परदेशातून त्यांच्या मुलीनं मला फोन केला. कपाटात डॅडींच्या वह्या आहेत, भंगारवाल्याला देण्याआधी एकदा बघशील का. गेलो. अकरा वह्या निघाल्या. त्यातली तीन वाळवीनं पोखरलेली, उघडली की पानांचा भुसा व्हायचा. बाकी आठ धड. निळ्या शाईत रेघा हातानं मारलेल्या, लॅटिन मोतेत, लादीनची दुसरी आणि तिसरी बाजू, नंतरच्या वह्यांत रोमी लिपीत कोंकणी गाणी. एका वहीच्या मागच्या पानांवर चार ओळींचे तुकडे होते, शब्दांविना. त्यातला एक मी पेटीवर एकेक स्वर लावून वाजवून पाहिला. आमच्या सप्ताहातल्या एका अभंगाची चाल होती. त्याखाली त्यांनी दुसरा आवाज लिहिलेला. अभंगाला दुसरा आवाज! मंडपाच्या कडेला उभं राहून ते हे ऐकत होते.

अडचण अशी की कुठल्याही पानावर नाव नाही. कुठलं गाणं त्यांनी दुसऱ्या मेस्त्राकडून उतरवून घेतलं आणि कुठलं स्वतः बांधलं, हे सांगायला आता कोणी नाही. मेस्त्रांची रीतच तशी होती. देवाच्या कामावर सही कशाला करायची? मी मोबाइलनं सगळ्या पानांचे फोटो काढले. मग धंद्याची खुमखुमी म्हणून छापील नोटेशन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ते भरवून पाहिले. त्यानं अंकलचे अर्धे स्वर शाईचे डाग समजून गाळले आणि डाग स्वर समजून वाचले. शेवटी म्यूझस्कोरमध्ये एकेक स्वर हातानं भरायला घेतला आहे. पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या एक बाई चुका काढून देतात. आतापर्यंत चौदा गाणी झाली. वेगवेगळ्या आवाजांच्या वेगळ्या ध्वनिफिती करून त्या तालमीच्या मुलींना पाठवल्या आहेत, म्हणजे ज्यांना दुसरा आवाज धरायचा त्यांना कानात फक्त दुसराच ऐकता येतो. एकीनं उलट निरोप पाठवला, “हा तर वरच्यापेक्षा छान आहे.” मूळ वह्या मुलीनं विकायच्या घरातून हलवून नातेवाइकांकडं ठेवल्या आहेत.

आपल्या मंडळात गोव्याकडचे, सावंतवाडीकडचे, वसईचेही बरेच सभासद आहेत. कोणाच्या घरी आजोबांच्या अशा वह्या असतील, चर्चच्या असोत की भजनी मंडळाच्या किंवा नाटकाच्या पेटीवाल्याच्या, तर एवढं करा. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पानांच्या क्रमानं फोटो काढा, कोरी पानंसुद्धा सोडू नका. वहीच्या कव्हरचा वेगळा फोटो घ्या. वहीवर काही लिहू नका, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, ओल धरते आणि बुरशी येते. लॅमिनेशन तर मुळीच नको. वेगळ्या कागदावर वही कोणाची, कुठल्या गावची, साधारण कुठल्या काळातली, एवढं लिहून ठेवा. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना यातलं गाऊन दाखवायला सांगा, मोबाइल चालू ठेवून. चाल अडखळली तरी थांबवू नका. फोटो पाठवलेत तर नोटेशन भरण्याचं काम मी आणि त्या बाई जमेल तसं करू. सध्या आमच्याकडं अंकलच्या पाच वह्या बाकी आहेत, आणि अभंगाचा तो दुसरा आवाज अजून कोणी गाऊन पाहिलेला नाही.